औषधाच्या वेष्टनावरील हलाल-चिन्ह : संधान, शोधन आणि निर्मात्याची नोंदवही

आयुर्वेदीय औषधांच्या वेष्टनांवर अलीकडे चिन्हांची मोठी दाटी झाली आहे. उत्तम निर्मिती पद्धतीचा शिक्का, आय.एस.ओ.चा शिक्का, कोठे आयुष-चिन्ह, कोठे अन्नपदार्थांवरून उचललेला हिरवा ठिपका आणि त्यांच्याच पंक्तीत हलाल-चिन्ह. वास्तविक यांपैकी प्रत्येक चिन्ह निराळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. परंतु निर्माता ती एका ओळीत छापतो आणि ग्राहक त्या सर्वांचा मिळून एकच अर्थ घेतो, तो म्हणजे 'माल चांगला आहे'. प्रस्तुत लेखात आम्ही यांपैकी हलाल-चिन्हाचाच विचार करणार आहोत. धार्मिक चर्चा करणे हा आमचा हेतू नाही, तो आमचा अधिकारही नाही. हे चिन्ह आपल्या कल्पांवर केव्हा खरे ठरते आणि केव्हा खोटे, एवढाच प्रश्न आम्हांस वैद्यबंधू-भगिनी व औषधनिर्माते यांच्यापुढे ठेवावयाचा आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो तो एका रुग्णाच्या प्रश्नामुळे. कोकणातील एका सूतिकेसाठी आम्ही अश्वगंधा चूर्ण व दशमूलारिष्ट लिहून दिले होते. दुसऱ्या दिवशी तिच्या पतीने दोन्ही औषधे आमच्या टेबलावर आणून ठेवली. दोन्ही एकाच निर्माणशाळेची होती व दोहोंवर सारखेच हलाल-चिन्ह होते. अरिष्टाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत स्वयंजनित मद्यार्काचे प्रमाणही नियमाप्रमाणे छापलेले होते. "डॉक्टर, वर हलाल छापलंय आणि खाली अल्कोहोल छापलंय. यातलं खरं काय धरायचं?" असे त्याने अगदी शांतपणे विचारले. आमच्यापाशी उत्तर नव्हते. चौकशीअंती असे समजले की निर्मात्याकडे प्रमाणपत्र होते, ते खोटेही नव्हते. मात्र ते केवळ चार चूर्णांपुरते होते. वेष्टनाची मांडणी करणाऱ्याने सर्व उत्पादनांसाठी एकच साचा वापरला आणि चिन्ह त्या साच्यातून सर्वत्र गेले. फसवणुकीचा हेतू कोणाचाच नव्हता. तथापि त्या कुटुंबाने अरिष्टाबरोबर चूर्णही परत केले व आमच्याकडील औषध काही काळ बंदच ठेवले. एका चिन्हाबद्दल शंका आली की वेष्टनावरील उरलेला मजकूरही संशयास्पद होतो, हे आम्ही त्या वेळी शिकलो.

हलाल आणि शाकाहारी यांतील भेद

'हलाल' म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राने अनुज्ञा दिलेले आणि 'हराम' म्हणजे निषिद्ध. वराहजन्य सर्व पदार्थ, वाहते रक्त, मृत जनावराचे मांस आणि मादक पेय हे निषिद्धांतील प्रमुख होत. खाद्य प्राण्याचे मांसही विहित पद्धतीने जबह केलेले असेल तरच चालते. याखेरीज 'नजस' म्हणजे अशुद्ध पदार्थांचा संपर्क आणि 'मश्बूह' म्हणजे ज्याच्या मूळ स्रोताविषयी शंका आहे असा पदार्थ, या दोन संज्ञा औषधनिर्मात्याने अवश्य ध्यानात ठेवाव्यात. कारण आपल्याकडील बहुतेक अडचणी उघड निषिद्ध द्रव्यांतून उद्भवत नाहीत, त्या या दोन गटांतून उद्भवतात.

वनस्पती, खनिजे, दूध, तूप व मध यांना सामान्यतः प्रत्यवाय नाही. मादक किंवा अपायकारक वनस्पती हा अपवाद. यावरून अनेक निर्माते असा निष्कर्ष काढतात की आपली औषधे शाकाहारी, म्हणून ती आपोआपच हलाल. हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. अरिष्टात मांसजन्य काही सहसा नसते, तरी त्यातील मद्यार्कामुळे ते अडते. उलट छागलाद्य घृतात बोकडाचे मांस पडते, म्हणून ते शाकाहारी मुळीच नव्हे. परंतु विहित रीतीने जबह केलेल्या बोकडाचे मांस वापरले असेल तर ते हलाल ठरू शकेल. दोन्ही निकष भिन्न पायावर उभे आहेत, त्यामुळे एकाच्या पुराव्याने दुसरा सिद्ध होत नाही.

याच ओघात कस्तुरीचा उल्लेख केला पाहिजे. ती दशमूलारिष्टाच्या मूळ पाठात आहे. इस्लामी परंपरेत कस्तुरी शुद्ध व प्रिय सुगंध मानली गेली आहे. परंतु कस्तुरीमृगाला १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण आहे. म्हणजे धर्मदृष्ट्या ग्राह्य असलेली वस्तू कायद्याने वर्ज्य असू शकते. चिन्ह मिळाले म्हणजे कायद्याची पूर्तता झाली असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे.

संधानकल्पना

आसवारिष्टांत मद्यार्क बाहेरून घातला जात नाही, तो संधानक्रियेतच उत्पन्न होतो. त्याचे प्रमाण सामान्यतः पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास राहते. तो औषधाचा विलायक आहे, परिरक्षक आहे आणि कल्पाच्या आशुकारित्वालाही कारण आहे. म्हणून मद्यार्क काढून टाकलेले अरिष्ट ही कल्पना शास्त्रदृष्ट्या टिकत नाही.

येथे मलेशिया व इंडोनेशिया या देशांतील निर्णय पाहणे उपयुक्त आहे. त्यांत सरधोपट निषेध नसून बारकावा आहे. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा समितीने २०११ मध्ये असे ठरविले की मद्य बनविण्याच्या हेतूने न केलेल्या खाद्यपेयांत एक टक्क्याहून कमी मद्यार्क असल्यास ते चालेल. स्वादद्रव्यांत स्थिरीकरणासाठी वापरलेला मद्यार्क अंतिम पदार्थात अर्ध्या टक्क्यापेक्षा अधिक नसावा. औषधांत विलायक म्हणून वापरलेला मद्यार्कही, तो मद्यनिर्मितीच्या प्रक्रियेतून आलेला नसेल तर, ग्राह्य धरला गेला. इंडोनेशियातील उलेमा परिषदेने २०१८ मध्ये औषधांतील मद्यार्काविषयी स्वतंत्र निर्णय दिला. तेथेही मद्याच्या उद्योगातून न आलेला मद्यार्क योग्य मात्रेत, अपाय वा गैरवापर होणार नाही अशा बेताने चालेल, अशी भूमिका आहे.

म्हणजे अर्क-सत्त्व काढताना लावलेला औद्योगिक मद्यार्क एक वेळ चालेल, परंतु द्राक्षे, गूळ व धायटीची फुले एकत्र आंबवून जेथे मद्यार्क मुद्दाम उत्पन्न केला जातो तेथे प्रश्न अवघड होतो. द्राक्षासवाचे तर नावच द्राक्षांवरून आहे. आमचे स्पष्ट मत असे की आसवारिष्टांसाठी हलाल-प्रमाणनाचा अर्जच करू नये आणि ज्या निर्माणशाळेत चूर्ण-वटींसाठी चिन्ह घेतलेले आहे तेथे आसवारिष्टांच्या लेबलांचा साचा सर्वथा वेगळा ठेवावा. कोणा संस्थेने औषध म्हणून सवलत देऊन प्रमाणपत्र दिलेच, तरी त्याच लेबलावर छापलेला मद्यार्काचा आकडा ग्राहक वाचणार आहे, हे विसरू नये.

कांजी, ताक व शुक्त यांची गोष्ट वेगळी. आम्लत्वाकडे गेलेल्या संधानाला, विशेषतः मद्यापासून आपोआप झालेल्या सिरक्याला, इस्लामी परंपरेत मान्यता आहे. त्यामुळे कांजीत शोधन केलेल्या द्रव्यांविषयी सहसा हरकत निघत नाही.

शोधन : लेबलावर न दिसणारा भाग

आमच्या मते या विषयाचे मर्म येथे आहे. औषधे नियम, १९४५ मधील नियम १६१ अन्वये लेबलावर सर्व घटकद्रव्यांची खरी यादी प्रमाणासह देणे आणि निर्मितीपद्धतीसाठी ग्रंथाधार दर्शविणे बंधनकारक आहे. परंतु घटकांच्या यादीत आपण 'शुद्ध गुग्गुळ' किंवा 'लोहभस्म' असे लिहून थांबतो. ते शुद्ध कशात केले हे लेबलावर येत नाही. ग्राहकाला ते कळण्याचा मार्ग नाही, दुकानदारालाही नाही, आणि निर्मात्याने सांगितले नाही तर प्रमाणन करणाऱ्या परीक्षकालाही नाही.

आता धातूंचे सामान्य शोधन आठवावे. तापवून लाल केलेला धातू तिळतेल, ताक, गोमूत्र, कांजी व कुळथाचा काढा या पाच द्रवांत क्रमाने विझविला जातो. म्हणजे या पद्धतीने केलेले लोहभस्म ज्या ज्या कल्पात आहे, त्या प्रत्येकात गोमूत्राचा संस्कार आहे. चंद्रप्रभा वटीच्या डबीवर गोमूत्राचा उल्लेख कोठेही सापडणार नाही, परंतु तिच्यातील लोहभस्म व गुग्गुळ ही दोन्ही द्रव्ये गोमूत्रातून गेलेली असण्याची शक्यता पुष्कळ आहे.

गोमूत्राविषयी इस्लामी विधिशास्त्राच्या शाखांत एकवाक्यता नाही. शाफई मताप्रमाणे सर्व प्राण्यांचे मूत्र अशुद्ध होय. हनफी मतात खाद्य प्राण्यांच्या मूत्राची अशुद्धता सौम्य मानली जाते. मालिकी व हंबली मते ते शुद्धच आहे. मलेशिया व इंडोनेशिया येथे शाफई मत प्रमाण आहे. आपल्याकडील बहुसंख्य मुस्लीम हनफी असले तरी कोकणी मुस्लीम समाज परंपरेने शाफई आहे. म्हणून रत्नागिरीच्या वैद्याला जो प्रश्न दवाखान्यात विचारला जाईल, तोच प्रश्न निर्यातदाराला क्वालालंपूरचा परीक्षक विचारील. हा योगायोग निर्मात्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

गजपुटाच्या अग्नीत द्रव्याचे संपूर्ण रूपांतर होते, मग मूत्राचा अंश राहिला कोठे, असा युक्तिवाद काही निर्माते करतात. रूपांतराने अशुद्धता नाहीशी होते ही 'इस्तिहाला' नावाची कल्पना इस्लामी विधिशास्त्रात आहे; मद्याचा सिरका होणे हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. परंतु तिची व्याप्ती हनफी मतात विस्तृत आहे व शाफई मतात संकुचित. तिचा अन्वय लावणे प्रमाणन संस्थेच्या विद्वानांचे काम आहे, रसशाळेच्या व्यवस्थापकाचे नव्हे. व्यवस्थापकाने शोधनद्रव्य दडवू नये, एवढेच त्याचे कर्तव्य आहे.

मग मार्ग काय? ग्रंथांनीच बहुतेक ठिकाणी विकल्प दिलेले आहेत. गुग्गुळाचे शोधन गोमूत्राप्रमाणेच त्रिफळा क्वाथात व दुधातही सांगितले आहे. वत्सनाभ गोमूत्राऐवजी दुधात शुद्ध करता येतो. ज्या निर्मात्यास विशिष्ट बाजारासाठी हलाल-चिन्ह हवे आहे त्याने असा ग्रंथोक्त विकल्प निवडावा, तो नोंदवहीत लिहावा व त्या मालाचे बॅच वेगळे ठेवावे. काही ठिकाणी मात्र विकल्प नाही. पुनर्नवा मंडुराचा पाकच गोमूत्रात होतो. शार्ङ्गधरोक्त संजीवनी वटीचे मर्दन गोमूत्रात आहे. तेथे गोमूत्र गाळले तर कल्प ग्रंथोक्त राहत नाही. १९४० च्या अधिनियमाने शास्त्रोक्त औषधाची व्याख्याच पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांच्या पाठावर उभी केली आहे. तेव्हा चिन्हासाठी पाठ बदलून जुन्याच नावाने औषध विकणे म्हणजे एक चूक टाळण्यासाठी दुसरी करणे होय. अशा कल्पांना चिन्हाबाहेर ठेवावे. त्यांचे औषधी मूल्य चिन्हावाचून कमी होत नाही.

कॅप्सूल, सहद्रव्ये व यंत्रसामग्री

वटी-चूर्णांकडून कॅप्सूलकडे वळलेल्या निर्मात्यांनी जिलेटिनचा उगम लेखी मागवावा. ते गोजन्य वा वराहजन्य असू शकते, आणि गोजन्य असले तरी जनावर कसे मारले हा प्रश्न राहतोच. वनस्पतिजन्य हायप्रोमेलोजची कॅप्सूल वापरल्यास हा प्रश्नच उद्भवत नाही. आपल्याकडील शाकाहारी रुग्णांचीही त्याने सोय होते. मॅग्नेशियम स्टिअरेट, स्टिअरिक आम्ल, ग्लिसरीन व पॉलिसॉर्बेट ही वनस्पतिजन्यही असतात व प्राणिजन्यही. पुरवठादाराच्या बिलावर तेवढे नाव असते, उगम नसतो. सिरपातील स्वादद्रव्यांचा विलायक बहुधा मद्यार्क असतो. हीच ती 'मश्बूह' द्रव्ये. पुरवठादार बदलला की उगमही बदलू शकतो, म्हणून दर बदलाच्या वेळी नवे पत्र घ्यावे.

आसवाची टाकी, ढवळणी व गाळणी इतर कल्पांसाठी वापरण्याची सवय लहान निर्माणशाळांत सर्रास आढळते. परीक्षक प्रथम तेच पाहतो. वराहजन्य पदार्थाचा संपर्क झालेल्या यंत्रासाठी मलेशियाच्या पद्धतीत नेहमीची धुलाई पुरत नाही, मातीमिश्रित पाण्यासह विधिपूर्वक सात वेळा धुवावे लागते. आपल्या निर्माणशाळांत असा प्रसंग क्वचितच येईल. परंतु दुसऱ्याच्या कारखान्यात कॅप्सूल भरून घेणाऱ्यांनी तेथे आणखी काय भरले जाते, हे एकदा जाऊन पाहावे.

आपल्याकडील कायद्याची स्थिती

भारतात हलाल-चिन्हाची व्याख्या वा सक्ती करणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. प्रमाणपत्रे खाजगी संस्था व न्यास देतात. विदेश व्यापार महासंचालनालयाने एप्रिल २०२३ मध्ये निर्यातीसंबंधी धोरण जाहीर केले व भारतीय गुणवत्ता परिषदेच्या योजनेशी त्याची सांगड घातली. पण ते मांस व मांसजन्य पदार्थांपुरते आहे, आयुर्वेदीय औषधांना लागू नाही. उत्तर प्रदेशात १८ नोव्हेंबर २०२३ रोजी हलाल-प्रमाणित खाद्यपदार्थांच्या उत्पादन, साठवण, वितरण व विक्रीवर बंदीचा आदेश निघाला; निर्यातीचा माल त्यातून वगळला होता. औषधे व सौंदर्यप्रसाधने यांच्या कायद्यांत लेबलावर असे प्रमाणन दर्शविण्याची तरतूद नाही, ही भूमिकाही त्या वेळी मांडली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी २०२४ मध्ये प्रमाणन संस्थांना सक्तीच्या कारवाईपासून अंतरिम संरक्षण मिळाले. या वादात कोणाची बाजू बरोबर हे ठरविण्याचे हे स्थान नव्हे. परराज्यात माल पाठविणाऱ्याने मात्र त्या राज्यातील आदेश पाहूनच लेबल छापावे. तसेच आपले उत्पादन औषध म्हणून परवानाधारक आहे की २०२२ च्या विनियमांखालील 'आयुर्वेद आहार' म्हणून, हेही आधी पाहावे. दोहोंची लेबले दोन निराळ्या कायद्यांखाली येतात.

तरतूद नाही याचा अर्थ मोकळीक आहे, असाही कोणी घेऊ नये. अधिनियमाच्या कलम ३३-ई अन्वये लेबलावर वा औषधासोबत असलेले कोणतेही विधान, आकृती वा चिन्ह खोटे किंवा दिशाभूल करणारे असेल, तर ते औषध 'मिथ्याछाप' ठरते. कायद्यात 'हलाल' हा शब्द नसला तरी 'चिन्ह' आहे. प्रमाणपत्रात नसलेल्या दशमूलारिष्टावर ते छापले गेले की कलम लागू होण्यास आणखी काही लागत नाही. शिवाय प्रमाणन संस्थेचे चिन्ह ही तिची मालमत्ता असते. ते विनापरवानगी वापरल्यास १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमाखाली कारवाई होऊ शकते. इंटरनेटवरून उतरवून घेतलेले, कोणत्याही संस्थेचे नाव नसलेले, नुसते अरबी अक्षरांतील 'हलाल' छापणारे तर कोणत्याच आधारावर उभे नसतात.

निर्यातीसाठी नियम १६१-ए ची सवलत आहे. निर्यातीच्या वेष्टनावरील लेबल आयातदार देशाच्या कायद्यानुसार बदलता येते, मात्र औषधाचे नाव, निर्मात्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आदी तपशील राहिलेच पाहिजेत. म्हणून देशांतर्गत व निर्यातीची वेष्टने वेगवेगळी छापावीत हा आमचा आग्रह आहे. छपाईचा खर्च वाढतो हे खरे, पण एकाच पेटीत दोन देशांचे कायदे सांभाळण्याची कसरत त्याहून महाग पडते.

परदेशांतील नियम

मलेशियात २०११ च्या व्यापारवर्णन अधिनियमाखालील आदेशांन्वये, तेथील सक्षम अधिकरणाने किंवा त्याने मान्यता दिलेल्या विदेशी संस्थेने प्रमाणित केल्याखेरीज आयात मालाला हलाल म्हणता येत नाही, आणि प्रमाणित करणाऱ्या संस्थेचे नाव मालावर असावे लागते. 'जाकिम' या नावाने ओळखला जाणारा तेथील इस्लामी विकास विभाग मान्य विदेशी संस्थांची यादी प्रसिद्ध करतो व ती बदलत असते. अर्ज करण्यापूर्वी, आणि माल रवाना करण्यापूर्वी पुन्हा, अशी दोनदा ती पाहावी. आपल्या संस्थेचे प्रमाणपत्र असताना मलेशियाचे अष्टकोनी ताऱ्याचे अधिकृत चिन्ह छापणे हा अपराधच आहे. औषधांसाठी तेथे एम.एस. २४२४ हे स्वतंत्र मानक आहे. खाद्यपदार्थांच्या मानकावर मिळालेले प्रमाणपत्र औषधाला लावू नये.

इंडोनेशियाने तर चिन्ह ऐच्छिक ठेवलेलेच नाही. तेथे २०१४ च्या ३३ क्रमांकाच्या कायद्याने हलाल-प्रमाणन टप्प्याटप्प्याने सक्तीचे केले आणि पारंपरिक औषधे व आरोग्यपूरके यांच्यासाठी १७ ऑक्टोबर २०२६ ही मुदत घातली. २०२२ पासून तेथील शासकीय चिन्ह जांभळ्या रंगाचे, छायानाट्यातील पर्वताच्या आकृतीवर बेतलेले आहे; जुने हिरवे गोल चिन्ह असलेली पाकिटे आता छापू नयेत. त्या कायद्यातील एक गोष्ट आम्हांस विशेष आवडली. निषिद्ध द्रव्यांचा माल तेथे विकता येतो, परंतु तो हलाल नाही असे त्यावर स्पष्ट लिहावे लागते. आखाती देशांचे निकष आणखी निराळे. तेथील आयातदाराकडून लेखी अपेक्षा मागविल्यावाचून कोणतेही काम सुरू करू नये.

चिन्ह छापताना

प्रमाणपत्र हाती आल्यावर प्रथम त्याचे परिशिष्ट वाचावे. कोणती उत्पादने, कोणत्या पत्त्यावरील कारखाना, कोणत्या तारखेपर्यंत, हे तेथे असते. चिन्ह त्या चौकटीतच सत्य आहे. दुसऱ्याच्या परवान्यावर किंवा दुसऱ्याच्या कारखान्यात माल करून घेणाऱ्यांची येथे हमखास चूक होते. प्रमाणपत्र उत्पादकाच्या नावे असते आणि चिन्ह विक्रेत्याच्या लेबलावर येते. उत्पादकाच्या प्रमाणपत्रात विक्रेत्याचे व्यापारी नाव अंतर्भूत आहे काय, हे लेखी करून घ्यावे. तोंडी होकारावर छपाई करू नये. उत्पादक बदलला तर त्या दिवसापासून चिन्ह काढावे.

चिन्हाचा रंग, प्रमाण व त्याखालील क्रमांक संस्थेने दिल्याप्रमाणे ठेवावा. दुकानाच्या पाटीवर, बिलावर, दिनदर्शिकेवर किंवा संपूर्ण उत्पादनमालेच्या जाहिरातीत ते वापरू नये, कारण तेथे ते कोणत्या कल्पाचे हे कळत नाही. 'हलाल असल्याने दुष्परिणामरहित' अशी वाक्ये आम्ही प्रत्यक्ष पाहिली आहेत. या चिन्हाचा गुणकारितेशी वा निर्दोषत्वाशी काडीचाही संबंध नाही. वेष्टनावर धन्वंतरीची वा अन्य देवतेची प्रतिमा असेल, तर ती चालेल काय हे अर्जापूर्वी विचारून घ्यावे. छापून झाल्यावर प्रतिमा खोडण्याची वेळ आली तर ती कोणालाच शोभणार नाही.

वैद्याचे काम

चिन्हाच्या जबाबदारीचा मोठा वाटा निर्मात्याकडे असला, तरी रुग्ण प्रश्न विचारतो तो वैद्याला. अशा वेळी 'औषधाला सर्व चालते' असे म्हणून विषय झटकू नये. अनिवार्य प्रसंगी निषिद्धाला सूट देणारे तत्त्व इस्लामी विधिशास्त्रात आहे हे खरे; परंतु प्रसंग अनिवार्य आहे की नाही हे ठरविण्यासाठी रुग्णाला वैद्याकडून खरी माहिती हवी असते आणि निर्णय तो स्वतः किंवा आपल्या विश्वासातील आलिमांना विचारून घेतो. कल्पात मद्यार्क आहे काय, शोधन कशात झाले आहे, दुसरा पर्याय आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे आपल्यापाशी असावीत. नसतील तर निर्माणशाळेला दूरध्वनी करून विचारावे आणि तोवर 'आम्हांस ठाऊक नाही' असे सांगावे.

पर्याय पुष्कळदा असतो. दशमूलारिष्टाऐवजी दशमुळाचा ताजा काढा देता येतो. अर्जुनारिष्टाऐवजी अर्जुन क्षीरपाक. ते तंतोतंत समगुणी आहेत असे आम्ही म्हणत नाही. अरिष्टाचे दीपन काढ्यात तितके नसते, म्हणून अग्नी पाहून शुंठी वा पिंपळीची जोड द्यावी लागते. बाजारातील तयार प्रवाही क्वाथ मात्र विचारपूर्वक निवडावेत, त्यांपैकी काहींत अल्प संधान झालेले असते.

आरंभी सांगितलेल्या सूतिकेला आम्ही पुढे दशमुळाचा भरड काढा दिला, घरी उकळून घेण्यासाठी. निर्मात्यांनी अरिष्टांची छापील लेबले मोजून, पंचनाम्यासारखी नोंद करून नष्ट केली आणि दुकानांतून माल परत मागविला. त्यांनी आता आपल्या सूत्रनोंदवहीत प्रत्येक द्रव्यापुढे शोधनद्रव्याचा एक रकाना वाढविला आहे. तो रकाना भरताना त्यांच्या असे ध्यानात आले की चिन्हास पात्र ठरलेल्या चार चूर्णांपैकी एकात गोमूत्रात शुद्ध केलेला वत्सनाभ आहे. त्यांनी स्वतःहून संस्थेस तसे कळविले आणि ते चूर्ण प्रमाणपत्रातून काढून घेतले.